कावळबेटावरचा मुक्काम

पेण, खारेपाट
१४ नोव्हेंबर २०२४

चि. जीवन,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुझ्या बेटावर फोन लागतो कधी? लागला तरी तू त्या पडक्या बुरुजावर चढून "हॅलो, हॅलो" ओरडत बसतोस, आणि इकडे मी बोलले की माझ्या सासूबाईंना सगळं ऐकू जातं. त्यांचे पाय गेले, डावा हात गेला, कान मात्र अजून तिखट आहेत. म्हणून लिहिते. आपला स्वप्निल ट्रक घेऊन दिघी बंदराला येतो, तो हे बोर्ली पंचतनला तुझ्या वाण्याच्या दुकानात ठेवेल. तुझी माणसं बाजाराला येतात तेव्हा घेतील.

काम असं आहे. ह्यांना चार दिवस तुझ्याकडे ठेवून घे.

आजारी नाहीत. म्हणजे ताप नाही, साखर नाही, सगळं तपासून झालं. पण गणपतीपासून माणूस विझल्यासारखा झालाय. फोन वाजला की उचलत नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत बसतात. ट्रकचा धंदा असा करून कसा चालेल? ड्रायव्हर मग मला फोन करतात. परवा जेवायला हाक मारली तर घरात नाहीत. बघते तर अंगणातल्या गाडीत, केबिनमध्ये, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले. गाडी बंद. म्हटलं, कुठं निघालात? तर म्हणाले, "कय नाय गो. बसलोय."

आई दिवसभर खाटेवरून "बुध्या, बुध्या" करतात. काही हवं असतं असं नाही, हाक मारत राहतात. हे समोर गेले की म्हणतात, "आयलास?" आणि गप्प होतात. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. त्यालाही माणूस कंटाळतो, मी समजू शकते.

तुझ्याकडे लोक मुंबईहून पैसे देऊन दमणूक काढायला येतात म्हणे. पाण्यात बुड्या मारतात, गळ टाकून बसतात, किल्ला बघतात. ह्यांनाही काय ते कर. बळेच पाठवतेय, कुरकुर करतील, लक्ष देऊ नकोस. पुण्याहून हेमालीनेही फोनवर त्यांना दटावलंय, लेकीचं ऐकतात.

माझं ठीक आहे. हात दुखतो, आईंना उलटंपालटं करताना उजव्या खांद्यावर भार येतो. त्याचं काय.

ताई


कावळबेट
२३ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

दाजी पोचले. आदगावच्या धक्क्यावर मीच होडी घेऊन गेलो होतो. हातात एक पिशवी, आणि तुझ्या तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. होडीत बसल्यावर पहिला प्रश्न, "बुडाली तर?" मी म्हटलं, बुडणार नाही. ते म्हणाले, "मी सहज इचारला."

पहिले दोन दिवस नुसते झोपले. जेवायला उठवायचं, जेवायचं, पुन्हा आडवं. आमच्या स्वयंपाकाच्या नूतनबाई घाबरल्या, म्हणाल्या, साहेबांना बरं नाही का? मी म्हटलं, झोपू दे, उधारी फिटू दे झोपेची. तिसऱ्या दिवशी आपणहून उठून खडकावर गेले आणि गळ टाकून बसले. एक हेकरू मिळाला, बरा मोठा. नूतनबाईंनी त्याचं कालवण केलं, तर दाजींनी दोनदा मागून घेतलं.

मी त्यांना बेट फिरवून दाखवलं. तू आली होतीस तेव्हा वर जायची वाट नव्हती, आता पायऱ्या साफ केल्यात. गोड्या पाण्याचं टाकं, चौकीची भिंत, आणि मागच्या खडकात पडलेली तोफ. ती ओहोटीला अर्धी दिसते. मी पाहुण्यांना सांगतो ती गोष्ट त्यांनाही सांगितली. आदगावात सांगतात की ह्या चौकीवर पावसाळ्यात दोघं पहारेकरी ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी त्यांना उतरवायला यायची. एका वर्षी होडी आली तर एकजण म्हणाला, मी येत नाही. पाहुणे इथे हमखास हसतात. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "मंग त्याला खाली कुणी आणला?" मी म्हटलं, दाजी, गोष्ट एवढीच सांगतात.

कालपासून केतनबरोबर पाण्यात जायला लागलेत. केतन म्हणजे आमचा बुडी शिकवणारा, नागावचा पोरगा, मालवणला शिकून आलाय. आमचं पाणी मालवणसारखं नाही, तळ ढवळला की डोळ्यासमोरचा हात दिसत नाही, पाहुणे चिडतात, मोबाइलवर वाईट लिहितात. मला आता त्यांना समजावायचाही कंटाळा आलाय. पण दाजींना चालतं. वर आले तेव्हा चेहरा इतका निवांत होता की काय सांगू. म्हणाले, "जीवन, खाली फोन वाजत नाय."

तेव्हा काळजी नको. आणखी दोन दिवस राहायचं म्हणतात, राहू देत.

जीवन


पेण
३० नोव्हेंबर

चि. जीवन,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. आईंनाही वाचून दाखवलं. हेकरू मिळाला म्हटल्यावर म्हणाल्या, "त्याला काटं काढून दे." पन्नाशी उलटलेला मुलगा, त्याला काटे काढून द्यायचे.

पण अरे, चार दिवसांचे किती झाले? दोन दिवस आणखी म्हणालास, तेही उलटून गेले. निरोप नाही, फोन नाही. मी तुझ्या नंबरावर रोज लावते आणि ती बाई रोज तेच सांगते.

इकडे एक गाडी वडखळच्या नाक्यावर बंद पडली. स्वप्निलने दुरुस्त करून घेतली, पण प्रत्येक वेळी मला विचारतो, काकी काय करू? मला काय कळतं त्यातलं? तरी सांगते काहीतरी. आईंना पाठीवर लाल चट्टा आलाय, जखम होईल म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायला नर्सने सांगितलंय. रात्रीसुद्धा.

मजेत असतील तर सांग त्यांना, मजा झाली असेल तर या. चिडून लिहीत नाही. दमले आहे एवढंच.

ताई


कावळबेट
४ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला, माफ कर. दाजींचा कान दुखतोय. पाण्यात गेल्याने होतं असं कधीकधी, घाबरण्यासारखं नाही. माणगावला डॉक्टरांना दाखवून आणलं, औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात लांबचा प्रवास नको. आठवडा-दोन आठवडे तरी राहू देत.

फोन लागत नाही, आणि दुखऱ्या कानाने त्यांना बोलवतही नाही.

नूतनबाईंनी सुके बोंबील दिलेत, स्वप्निलकडे पाठवतो. सासूबाईंना सांभाळ, स्वतःलाही.

जीवन


पेण
१२ डिसेंबर

जीवन,

बोंबील मिळाले. आशीर्वाद लिहायचा राहिला तर समजून घे.

काल स्वप्निल दिघीहून परत आला. तुझं पत्र आणि बोंबील घ्यायला बोर्लीला थांबला होता, तिथे बाजारात त्याने ह्यांना पाहिलं. एका बाईबरोबर भाजी घेत होते. बाई वांगी निवडत होती आणि हे पिशवी धरून उभे. ती काहीतरी म्हणाली आणि हे हसले. स्वप्निल म्हणाला, "काकी, काका मस्त दिसले, मी हाक नाही मारली." बिचाऱ्याला वाटलं मला आनंद होईल.

लांबचा प्रवास नको म्हणे. बेटावरून होडी, होडीवरून रिक्षा, बाजार, हे सगळं कानाला चालतं. फक्त पेण चालत नाही.

कोण आहे ती, विचारत नाही. तू माझा भाऊ आहेस, तूच सांगायला हवं होतंस. लहानपणी मिठागरात पाय कापला तर तू आईपासून लपवायचास आणि मला दाखवायचास. आता माझ्यापासून लपवायची वेळ आली?

माझा दिवस कसा जातो ऐक. पाचला उठते. आईंचं अंग पुसते, कपडे बदलते, चट्ट्याला मलम. चहा चमच्याने. मग ड्रायव्हरांचे फोन. मग स्वयंपाक, आईंना भरवणं, त्यात तास जातो कारण त्या मध्येच तोंड मिटून घेतात आणि बुध्या कुठे आहे विचारतात. मी सांगते, बेटावर. कशाला? दमले म्हणून. त्या म्हणतात, बिचारा. रोज म्हणतात. रोज ऐकते.

मीही दमले आहे जीवन. फक्त मला कुणी बेटावर पाठवत नाही, कारण पाठवणारी मीच आहे.

आता पत्र पाठवणार नाही. त्यांना यायचं तर येतील.

कमळ


कावळबेट
१५ डिसेंबर

ती. ताई,

तुझं पत्र बोर्लीहून नूतनबाईंनीच आणलं. भाजी घेणारी बाई तीच. आदगावची आहे, मला आईसारखी, तीन नातवंडं आहेत तिला. दाजी तिच्याबरोबर हसले हे वाचून मला रडू आलं, कारण मला ते कधी हसताना दिसले नाहीत. ती त्यांना का घेऊन जाते तेही सांगतो. आता सगळंच सांगतो. नाही सांगितलं तर तू मला माफ करणार नाहीस, आणि सांगितलं म्हणून दाजी.

कान दुखत नाही. कधीच दुखला नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस पाहुणे नव्हते. मागच्या खडकांत कोळ्यांची तुटलेली जाळी अडकून राहतात, त्यात मासे गुंततात आणि फुकट मरतात. केतन ती अधूनमधून कापून काढतो. दाजी म्हणाले, मी पण येतो. एव्हाना ते बऱ्याच वेळा खाली जाऊन आले होते, घाबरत नव्हते, केतनने नेलं. मी वर होडीत. पाणी बरं होतं. दोघांचे बुडबुडे वर येताना दिसत होते, मी आपला बिडी ओढत बसलो होतो.

खाली जे झालं ते केतनने नंतर सांगितलं. त्याने जाळं कापून गुंडाळलं आणि अंगठा वर करून खूण केली. पाण्यात तिचा अर्थ, वर चला. दाजींनी मान हलवली. नाही. केतनला वाटलं कळलं नसेल, त्याने पुन्हा खूण केली. दाजी एका खडकाला दोन्ही हातांनी धरून बसले होते, गुडघे मोडून, ओटीवर बसावं तसे. टाकीतली हवा संपत आलेली. त्याने दंड धरून ओढलं तर हात सोडेनात. शेवटी त्याने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आपली जादाची नळी त्यांच्या तोंडात दिली आणि वर आणलं.

होडीत घेतलं तेव्हा केतनने मास्क काढून खाली आपटला. ओरडला, "काका, खूण दिसली नाही का?"

दाजी म्हणाले, "दिसली."

"मग?"

"मना वर येवाचा नव्हता."

चिडून नाही, रडून नाही. चहा नको म्हणावं तसं.

संध्याकाळी टाक्याच्या पायऱ्यांवर मी त्यांच्याजवळ बसलो. मला विचारायचं कसं तेही कळेना. शेवटी सरळ विचारलं, दाजी, मरायचं होतं का? पायरीवरचा खडा उचलून टाक्यात टाकला. मग म्हणाले, "ता मना म्हाईत नाय. वर येवाचा नव्हता, यवढा म्हाईत हाय. खाली कोन हाक मारत नाय, जीवन. वर आला का परत सगला चालू." मग म्हणाले, गेलं वर्षभर सकाळी डोळे उघडले की पहिली गोष्ट मनात येते ती म्हणजे, अजून एक दिवस. गाडीत बसायचे तेव्हाही कुठे जायचं नसायचं. फक्त उतरायचं नसायचं.

दुसऱ्या दिवशी माणगावला नेलं ते कानाच्या डॉक्टरांकडे नव्हे. हे मनाचे डॉक्टर. त्यांनी बराच वेळ घेतला. म्हणाले, हा आजार आहे, आळस नव्हे, नाटक नव्हे, बरा होतो, पण गोळ्यांना लागू पडायला काही आठवडे जातात. तोवर एकटं सोडू नका, माणसांत ठेवा. म्हणून नूतनबाईंबरोबर बाजार. रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपतो. पाण्यात जाऊ देत नाही.

तुला का नाही सांगितलं? त्यांनी माझा हात धरून सांगितलं, कमळला कळू देऊ नको. कमळ उभी आहे म्हणून घर उभं आहे, ती बसली तर आईला कोण बघणार. मी कबूल झालो. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. तुझं पत्र वाचल्यावर वाटेना.

काय करू सांग.

जीवन


पेण
१९ डिसेंबर

जीवन,

पत्र दोनदा वाचलं. मग भाकऱ्या थापल्या, कारण पीठ मळून ठेवलं होतं.

नूतनबाईंना माझा नमस्कार सांग. मी काय लिहिलं होतं ते सांगू नकोस.

मला राग आलाय तो आधी लिहिते, नाहीतर तो मनात धरून तिकडे येईन आणि त्यांच्यासमोर निघेल. कमळ उभी आहे म्हणून घर उभं आहे. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं असेल. मला ते वाचून बसावंसं वाटलं आणि मी खरोखर बसले, ओट्याखाली, फरशीवर. आई आतून हाका मारत होत्या. पहिल्यांदाच मी गेले नाही. किती वेळ ते ठाऊक नाही. स्वप्निल दारात आला, मला तसं बघून परत गेला. मला गाडीत बसलेले हे आठवले. जवळ जाऊन मी काय विचारलं होतं? कुठं निघालात. दुसरं काही सुचलं नव्हतं मला.

मग उठून आईंकडे गेले. सगळं नाही सांगितलं. म्हटलं, तुमचा बुध्या आजारी आहे, मनाने. आई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं कळलं नसेल. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग तू जा. मी हाय."

खाटेवरून हलता येत नाही त्या बाईला. मी हाय म्हणाली.

नागावला चंद्राबाईंना फोन केला, माझ्या नणंदेला. त्यांचे होमस्टेचे भरायचे दिवस, नाताळ, खोल्या सगळ्या लागलेल्या. मी म्हटलं, वन्सं, तुमची आई आणि तुमचा भाऊ आहे, मी एकटी आता पुरत नाही. इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. मग म्हणाल्या, "येते. मला आधी का नाही बोललीस?"

त्या शनिवारी येतायत. मी रविवारी निघते. ह्यांना आधी सांगू नकोस. नाही, सांग. अचानक समोर गेले तर त्यांना वाटेल न्यायला आले. मी न्यायला येत नाही म्हणावं, राहायला येतेय.

ताई


पेण
८ जानेवारी २०२५

कमळ,

पत्र लिहायची मला सवय नाही, चुका पोटात घाल. फोनवर तुझा आवाज तुटत होता आणि चंद्रा शेजारी उभी होती, बोलता आलं नाही.

मी सुखरूप आलो ते तुला कळलंच असेल. स्वप्निल माणगावपर्यंत घ्यायला आला. वाटेत डॉक्टरांना भेटून आलो, त्यांनी गोळ्या तशाच चालू ठेवल्यात. म्हणाले, घरी जायला हरकत नाही, पण घरातल्या एकाला तरी रोज सकाळी खरं सांगायचं, आज कसं वाटतं ते. मी म्हटलं, घरात बायको नाही, ती बेटावर आहे. तेही हसले. मी चंद्राला सांगतो. पहिल्या दिवशी लाज वाटली. आता चहा पिताना सांगतो, आज बरा, आज नाय बरा. ती पदराने डोळे पुसते आणि भाजी चिरते.

तू तिथेच रहा असं मीच म्हणालो, तेव्हा तुला खरं वाटलं नव्हतं. तू त्या खोलीत सलग झोपलीस, दिवस मावळेपर्यंत, आणि मी दारात बसून बघत होतो. तुला इतकी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. तेव्हाच ठरवलं, घरी मी जायचं.

आता आईचं सांगतो. पहिल्या दिवशी मला तिला कुशीवर वळवता आलं नाही. चंद्राने दाखवलं, हात कुठे घालायचा, चादर कशी ओढायची. ट्रकची चाकं उचलणारा मी, आईचं अंग उचललं. किती हलकी झालीये ती. मला माहीतच नव्हतं. दारात उभा राहून "काय गो आये" एवढंच विचारत होतो ना मी. भरवताना तिने तोंड मिटलं. मी चिडलो, वाटी आपटली. ती म्हणाली, "कमल नाय आपटत."

आणि ती मला हाक मारत नाही आता. मी समोरच असतो ना. आता दिवसभर "कमल, कमल" चालू असतं. मी सांगतो, बेटावर गेली. कशाला? दमली म्हणून. ती म्हणते, बिचारी.

ते ऐकलं की मला काहीतरी होतं. तू हे सगळं दोन वर्षं ऐकत होतीस आणि मी समजत होतो की हाका फक्त मलाच लागतात.

सगळं नीट झालं असं लिहीत नाही. परवा सकाळी पुन्हा तसंच वाटलं, उठूच नये. उठलो, कारण आईला वळवायची वेळ झाली होती. फोन आता स्वप्निल घेतो. दोन गाड्या विकाव्या असं मनात आहे, तू आलीस की बोलू.

तू येशील ना? तिकडे असताना विचारायचं धाडस झालं नाही. तू म्हणाली होतीस राहायला आलेय. मी जे केलं, किंवा करायला निघालो होतो, त्यानंतर तू नाही आलीस तरी मी काय बोलणार. पण विचारतो.

बुधाजी


कावळबेट
१५ जानेवारी

सा. न. वि. वि. असं लिहायला हवं, पण त्याच्या पुढे काय लिहायचं सुचत नाही, म्हणून सरळच लिहिते.

तुमचं पत्र जीवनने आणून दिलं आणि आपण लांब जाऊन बसला. त्याला वाटलं मी वाचून ओरडेन. संक्रांत इथेच झाली. नूतनबाईंनी तिळाचे लाडू केले, ते दगडासारखे झाले, आम्ही दोघी त्यावर खूप हसलो. मला वाटतं मी वर्षभरात हसले नव्हते एवढी.

आईंना चमच्याने भरवताना आधी ओठांना चमचा नुसता लावायचा, मग त्या आपोआप तोंड उघडतात. वाटी आपटून काही होत नाही, मी आपटून पाहिली आहे. त्या तुम्हाला सांगणार नाहीत, पण आपटली आहे.

एक गोष्ट केली ती तुम्हाला सांगायची आहे. केतनला म्हटलं, मला ती जागा दाखव. तो नाही म्हणाला. जीवन तर किंचाळलाच. मी म्हटलं, मी खाडीत पोहत मोठी झाले, तुम्ही दोघं काय मला पाणी शिकवता? शेवटी चार दिवस त्याने मला उथळ पाण्यात शिकवलं, मग काल नेलं. माझा हात एकदाही सोडला नाही. जीवन होडीत देवाचं नाव घेत बसला होता.

मला वाटलं होतं तिथे काहीतरी असेल. मासे असतील, ती तोफ असेल, एवढं काय होतं की माणूस घर विसरला. काही नाही हो तिथे. गढूळ पाणी, एक खडक, आणि त्याला चिकटलेली कालवं. मी त्या खडकाला हात लावला. मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. इतकं शांत होतं की आपला श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि मला तुमचा हेवा वाटला. तुम्ही इथे एकटेच येऊन बसलात ह्याचा. केतनने वर चला म्हणून खूण केली, तर क्षणभर मीही हलले नाही. त्याने हात दाबला. मग आले.

का आले म्हणाल तर मोठं काही कारण नाही. थंडी वाजत होती आणि भूक लागली होती. कुणासाठी आले नाही, तुमच्यासाठी नाही, आईंसाठी नाही. मला वर यायचं होतं, एवढंच. वर आल्यावर नूतनबाईंचा गरम चहा घेतला आणि तो मला फार आवडला.

तुम्ही असं बसाल पुन्हा असं वाटलं, तर आधी मला सांगायचं. चंद्राबाईंना सांगता तसं. माझ्यापासून लपवून मला वाचवायचं नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मी उभी राहिले नाही, मला खाली बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून उभी होते.

आईंच्या सकाळी तुमच्या, संध्याकाळी माझ्या. रात्री वळवायला एकदा तुम्ही, एकदा मी. चंद्राबाई महिन्यातून आठवडाभर येईन म्हणाल्यात, त्यांना शब्दाला धरू. गाड्या विका. मी फोन घेणार नाही.

येणार का विचारलंत. येणार आहे. पण एकटी येणार नाही. जीवन सोडतो म्हणतो, स्वप्निलची गाडी बोर्लीला येतेच, सगळं जमण्यासारखं आहे. तरी नको. आमची आई गेली, बाबा गेले, मिठागरं गेली, तेव्हापासून मला माहेर असं राहिलं नव्हतं. भावाकडे आले ती इतक्या वर्षांनी. माहेरी आलेल्या बाईला न्यायला तिचा माणूस येतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही एकदा आला होतात, मग दर वेळी ड्रायव्हर आला.

रविवारी आदगावला या. दुपारच्या भरतीला जीवन मला घेऊन येईल. मी होडीतून आधी बघेन, धक्क्यावर तुम्ही दिसलात तरच उतरेन.

कमळ